प्लगिन गेला, पण बाबांनी लिहिलेलं कुठे आहे ते आधी शोधा

उत्तर लांब आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगतो: हे वाचून होईपर्यंत प्लेक्सवर, म्हणजे घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणाऱ्या सर्व्हरवर, ‘रिफ्रेश मेटाडेटा’ (व्हिडिओंची माहिती नव्याने भरणं) दाबू नका, प्लगिनचं (सर्व्हरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं) फोल्डर ‘आता काय उपयोग’ म्हणून उडवू नका, आणि प्लेक्स काढून पुन्हा टाकू नका. सेटिंगमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी आहे. तिच्यात मेटाडेटा ताजा करण्यासंबंधी जे जे असेल त्याची खूण काढा. स्कॅन झाल्यावर कचरापेटी आपोआप रिकामी करण्याचा पर्यायही बंद करा. एवढं झालं की पुढे वाचा.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नेरूळला घरी विंडोजच्या जुन्या पीसीवर प्लेक्स चालतो. त्यात वडिलांनी १९९० पासून काढलेली सुमारे साडेसहाशे रेकॉर्डिंग आहेत: घरची लग्नं, सोसायटीचा गणेशोत्सव, कॉलनीतल्या हौशी एकांकिका. ओळखीच्या एका मुलाने २०१६ मध्ये एक प्लगिन लिहून दिला. वडिलांनी दोन वर्षं रोज थोडं थोडं बसून त्यात प्रत्येक व्हिडिओची मराठीत माहिती भरली. कोण बोलतंय, कुठला हॉल, कोणाची मुंज. आता सर्व्हर अपडेट झाला, प्लगिन चालेना, काही व्हिडिओंची माहिती अजून दिसते आणि काहींच्या जागी नुसतं फाइलचं नाव उरलंय. तुम्ही विचारता: प्लेक्सची जुनी आवृत्ती टाकून तिथेच राहू, की जेलीफिन या दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊ?

दोन्हींचं उत्तर देतो, पण माझ्या मते खरा प्रश्न सर्व्हरचा नाहीच. वडिलांनी दोन वर्षांत जे लिहिलं ते या क्षणी कोणत्या फाइलमध्ये आहे, हा खरा प्रश्न आहे. ते सापडलं की सर्व्हर कोणता हा चार दिवसांचा विषय. ते सापडलं नाही तर जगातला सर्वोत्तम सर्व्हर आणूनही उपयोग नाही.

मी ठाण्यात गेली पंधरा वर्षं लोकांच्या जुन्या टेप डिजिटल करून घरच्या सर्व्हरवर लावून देतो. तुमच्यासारखा प्रसंग माझ्या हातूनही घडलाय. कळव्याच्या एका हौशी नाट्यमंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी मी स्वतः एक छोटा प्लगिन लिहिला होता. मंडळातल्या एक सत्तरीच्या बाई रोज दुपारी येऊन नावं भरायच्या. ‘हा डावीकडून तिसरा, हा आता नाही’ असं म्हणत त्या टाइप करायच्या. ते सगळं मी प्लगिनच्या स्वतःच्या साठ्यात ठेवलं होतं, दुसरीकडे कुठेही नाही. मशीन बदलताना व्हिडिओ नीट नेले, डेटाबेस नेला, पण तो साठा न्यायचा राहून गेला. लक्षात आलं तोवर जुनी डिस्क पुसून झाली होती. जवळजवळ तीनशे नोंदी गेल्या. निम्म्या त्यांनी पुन्हा सांगितल्या, बाकीच्या त्यांनाही आठवेनात. तेव्हापासून माणसाने टाइप केलेली एकही ओळ मी प्लगिनच्या पोटात ठेवत नाही.

आता प्लगिन का गेला ते थोडक्यात, कारण ते कळलं तर पुढचा निर्णय सोपा होतो. प्लेक्सने प्लगिन बंद करण्याचं २०१८ च्या सप्टेंबरातच जाहीर केलं होतं. आधी सर्व्हरमधली प्लगिनची यादी गेली. हाताने फोल्डरमध्ये टाकलेले प्लगिन त्यानंतरही बरीच वर्षं चालत राहिले, म्हणून तुमच्यासारख्या अनेकांना ती घोषणा जाणवलीच नाही. हे प्लगिन पायथन २ या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभे होते आणि पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. शिवाय प्लगिन सर्व्हरच्या घरातच राहायचा. सर्व्हरला जे वाचता-लिहिता येतं ते बहुतेक सगळं त्यालाही करता यायचं. कोणीतरी कित्येक वर्षांपूर्वी लिहिलेला आणि आता कोणीही सांभाळत नसलेला कोड घरात ठेवणं हे कोणत्याही सर्व्हर बनवणाऱ्याला जड जातं. तुमचा राग मला समजतो, आणि तो योग्यही आहे. पण निर्णयामागे काही कारणच नव्हतं असं नाही.

हे फक्त तिथेच झालं असंही नाही. कोडी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची १९ वी आवृत्ती २०२१ च्या फेब्रुवारीत आली, तिने पायथन ३ घेतलं आणि जे ॲड-ऑन (तिथले प्लगिन) कोणी नव्याने लिहिले नाहीत ते तिथेच थांबले. जेलीफिनमध्ये प्लगिनला आजही पूर्ण मान आहे, पण तिथला प्रत्येक प्लगिन सर्व्हरच्या ठरावीक आवृत्तीसाठी बांधलेला असतो. मोठी आवृत्ती बदलली आणि लिहिणाऱ्याने तो पुन्हा बांधून दिला नाही, तर यादीत त्याच्यासमोर ‘चालत नाही’ असा शेरा येतो. म्हणजे ‘इथे प्लगिन बंद झाले, म्हणून जिथे चालू आहेत तिथे जातो’ एवढ्याच कारणाने घर बदललंत, तर पाच वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

तर, लिहिलेलं कुठे असेल? तीन शक्यता आहेत. तुमचा प्लगिन कसा लिहिला होता त्यावर ते ठरेल, आणि ते मला इथून दिसत नाही.

पहिली शक्यता सर्वात चांगली: प्लगिनने ती माहिती प्लेक्सच्या मुख्य डेटाबेसमध्ये पोचवली असेल. काही व्हिडिओंची माहिती अजून दिसते म्हणता, त्यावरून निदान तेवढी तरी तिथे आहे. ज्यांची गेली त्यांचं अपडेटनंतर मेटाडेटा रिफ्रेश झालं असणार. सर्व्हर माहिती विचारायला गेला, उत्तर द्यायला प्लगिन नव्हता, म्हणून रकाना रिकामा झाला. वडिलांनी एखाद्या व्हिडिओवरची पेन्सिल दाबून प्लेक्समध्येच काही बदललं असेल, तर त्या रकान्याला कुलूप लागतं आणि ते रिफ्रेशमध्येही टिकतं.

रिकामे झालेले रकाने परत मिळण्याची एक चांगली जागा आहे आणि तिथे वेळ महत्त्वाची आहे. प्लेक्स आपल्या डेटाबेसची प्रत दर तीन दिवसांनी स्वतःच काढून ठेवतो, फाइलच्या नावाच्या शेवटी तारीख असते. पण त्या प्रती मोजक्याच राहतात, नवी आली की सर्वात जुनी जाते. म्हणून आज रात्रीच सर्व्हर पूर्ण बंद करा. नुसती खिडकी बंद करून भागणार नाही, खाली घड्याळाशेजारच्या चिन्हावरून ‘एक्झिट’ करा. मग विंडोजच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरात ‘प्लेक्स मीडिया सर्व्हर’ नावाचं फोल्डर आहे, ते सगळंच्या सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मुख्य डेटाबेसच्या शेजारी त्याच नावाच्या आणखी दोन लहान फाइल दिसल्या तर त्याही हव्यात, ताजे बदल कधी कधी त्यांच्यात अडकलेले असतात. पूर्ण फोल्डर घेतलंत तर काही निवडायची गरजच नाही. यापुढचं सगळं काम त्या प्रतीवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

दुसरी शक्यता: माहिती प्लगिनच्या स्वतःच्या साठ्यात आहे. त्याच मोठ्या फोल्डरात ‘प्लग-इन सपोर्ट’ आहे, त्याच्या आत ‘डेटा’, आणि त्यात प्रत्येक प्लगिनच्या नावाचं एकेक फोल्डर. तुमच्या प्लगिनच्या फोल्डरात ‘डिक्ट’ नावाची, मागे कोणतंच एक्स्टेन्शन नसलेली फाइल असेल आणि तिचा आकार काही शे केबी असेल, तर वडिलांची दोन वर्षं बहुतेक त्या एका फाइलमध्ये आहेत. तिसरी शक्यता, त्या मुलाने व्हिडिओंच्याच फोल्डरात साध्या मजकूर फाइल ठेवल्या असतील. तसं असेल तर त्याचे आभार माना, काम जवळजवळ झालंच.

मुख्य डेटाबेस वाचायला ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा फुकट प्रोग्रॅम पुरतो. ‘मेटाडेटा आयटम्स’ या तक्त्यात शीर्षक, सारांश, साल असतं. ‘मीडिया पार्ट्स’ मध्ये फाइलचा पूर्ण पत्ता असतो. मधे ‘मीडिया आयटम्स’ नावाचा तिसरा तक्ता या दोघांना जोडतो. तिन्ही एकत्र करून एक यादी काढायची: फाइलचा पत्ता, शीर्षक, साल, सारांश. ताज्या डेटाबेसमधून एक यादी, सर्वात जुन्या प्रतीतून दुसरी, आणि नव्यात रिकामं पण जुन्यात भरलेलं असेल तिथे जुनं घ्यायचं. फक्त वाचायचं मात्र, त्या प्रोग्रॅममधून लिहून ती फाइल पुन्हा प्लेक्सला द्यायची नाही. प्लेक्सचं स्वतःचं एसक्यूलाइट थोडं वेगळं आहे, बाहेरून केलेला बदल त्याला पचेलच असं नाही.

आता मराठीचा भाग. इंग्रजीतले सगळे सल्ले इथे अपुरे पडतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

यादी एक्सेलमध्ये घेतलीत आणि साधी ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह केलीत, तर सगळं देवनागरी प्रश्नचिन्हं होऊन बसतं आणि ते परत येत नाही. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असा वेगळा पर्याय असतो, तोच घ्यायचा. यूटीएफ-८ ची फाइल नुसती डबल क्लिक करून उघडली तर कधी चिन्हांची खिचडी दिसते. तेव्हा घाबरू नका आणि सेव्हही करू नका. एक्सेलच्या ‘डेटा’ मधून ती आयात केली की अक्षरं नीट येतात. नोंदींपैकी काही भाग इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसला, तर वडिलांनी जुन्या कागदपत्रातून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधला मजकूर चिकटवलेला असू शकतो. तो हरवलेला नाही. योग्य परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणता येतो, पण प्रत्येक फॉन्टचा परिवर्तक वेगळा.

आणि ‘ऱ्य’. गेल्या वर्षी ऐरोलीच्या एका घरी गणेशोत्सवाच्या पाच दिवसांची पाच रेकॉर्डिंग होती. चारांना माहिती लागली, ‘दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रम’ ला काही केल्या लागेना. फाइलचं नाव आणि यादीतलं नाव शेजारी शेजारी ठेवून मी तासभर पाहत होतो, डोळ्यांना फरक नाही. शेवटी एकेक अक्षराचा क्रमांक काढून पाहिला. फाइलच्या नावात ‘दुसऱ्या’ होतं, म्हणजे नुक्ता असलेला स्वतंत्र ‘ऱ’, मग हलन्त, मग य. यादीत होतं ‘दुसर्‍या’: साधा र, हलन्त, मधे एक न दिसणारं जोडचिन्ह, आणि य. आपण दोन्ही सारखंच वाचतो, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. कोणत्या कळफलकावर टाइप केलं त्यावर यातलं काय उमटतं ते ठरतं. त्या घरी वडिलांनी पीसीवर टाइप केलं होतं आणि सुनेने मोबाइलवर. यात तिसरं रूपही आहे. जुन्या मॅकच्या डिस्कवर फाइलच्या नावातला ‘ऱ’ फोडून र आणि सुटा नुक्ता असा साठवला जातो, आणि तिथून दुसऱ्या मशीनवर कॉपी केल्यावर तो तसाच फुटलेला राहतो.

उपाय सोपा, पण आधी करायला हवा: फाइलच्या नावात देवनागरी ठेवूच नका. मी व्हिडिओंना रोमन अक्षरांत तारीख आणि अनुक्रमांक एवढंच नाव देतो, आणि सगळं मराठी आतल्या माहितीत. सर्व्हरवर शोधताना हाच घोटाळा होतो, म्हणून यादीतल्या सगळ्या ‘र्‍य’ आणि ‘र्‍ह’ एकाच प्रकारात करून घ्या. शोधा-बदला चालवलं की पाच मिनिटांचं काम आहे.

यादी स्वच्छ झाली की ती फाइलशेजारी ठेवायची. त्यासाठी ‘एनएफओ’ नावाची साधी मजकूर फाइल असते. व्हिडिओचं जे नाव तेच तिचं, आत शीर्षक, साल, वर्णन, माणसांची नावं. कोडी ती वाचतो, जेलीफिन प्लगिनशिवाय वाचतो, आणि उद्या दोन्ही नसले तरी नोटपॅडमध्ये तुमची नात वाचू शकेल. प्लेक्ससाठी दुसरा मार्ग आहे. एमपी४ फाइलच्या आतच शीर्षक आणि वर्णन लिहिता येतं आणि घरच्या व्हिडिओंच्या लायब्ररीत प्लेक्स ते उचलतो. ‘एफएफएमपेग’ या प्रोग्रॅमने ते करताना चित्र-आवाज जसाच्या तसा कॉपी करायला सांगायचं, म्हणजे दर्जा घटत नाही आणि एका फाइलला काही सेकंदच लागतात. मी दोन्ही करतो, एकाच यादीतून. साडेसहाशे फाइलींना एक लहान स्क्रिप्ट पुरते. तो मूळ प्लगिन लिहिणारा मुलगा संपर्कात असेल तर त्याच्यासाठी हे संध्याकाळभराचं काम आहे.

जुन्या आवृत्तीवर राहण्याबद्दल. सर्व्हर फक्त घरात बघितला जात असेल, राउटरमध्ये बाहेरून येण्याचा रस्ता बंद असेल, आणि माहिती बाहेर काढेपर्यंत महिना-दोन महिने हवे असतील, तर राहा. कायमचं राहणार असाल तर माझा स्पष्ट विरोध आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत मोठी चोरी झाली. तिचा एक धागा त्यांच्या एका इंजिनिअरच्या घरच्या संगणकापर्यंत गेला. तिथे प्लेक्सची जुनी आवृत्ती होती. ती फट प्लेक्सने २०२० च्या मे महिन्यातच १.१९.३ मध्ये बुजवली होती, त्यानंतर सुमारे ७५ आवृत्त्या येऊन गेल्या होत्या, अपडेट मात्र केलेलं नव्हतं. ती फट नेमकी पायथनमध्ये साठवलेला डेटा पुन्हा उघडण्याच्या पद्धतीत होती. ज्या पीसीवर तुमचं नेट बँकिंग चालतं त्यावर असा सर्व्हर ठेवू नका.

प्लेक्स की जेलीफिन, हे कोण कुठून बघतं त्यावर ठरवा. फक्त नेरूळच्या घरात, अँड्रॉइड टीव्हीवर किंवा फायर स्टिकवर बघायचं असेल तर जेलीफिन घ्या. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या सर्व्हरचा कोड बंदिस्त झाल्यावर लोकांनी त्यातून हा वेगळा काढला, पूर्ण मुक्त आहे, आणि एनएफओ वाचतो हे तुमच्यासाठी सर्वात मोठं. टीव्ही दुसऱ्या बनावटीचा असेल तर त्यावर त्याचं ॲप मिळतं का ते आधी बघा. बहीण किंवा मुलगी परदेशातून बघत असेल तर प्लेक्स बाहेरून जोडायला सोपा, पण २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ बघायला पैसे पडतात. जेलीफिनला बाहेरचा रस्ता तुम्हाला स्वतः करावा लागतो. आपल्याकडे अनेक इंटरनेट जोडण्यांना स्वतंत्र पत्ता मिळत नाही, म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडूनही काही होत नाही. अशा वेळी मी टेलस्केल लावतो, म्हणजे दोन ठिकाणची यंत्रं खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम. दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवून बघायलाही हरकत नाही, व्हिडिओ तेच राहतात. फक्त दोघांनाही व्हिडिओंच्या फोल्डरावर वाचण्यापुरतीच परवानगी द्या.

सबटायटलच्या प्लगिनचं तुम्ही शेवटी विचारलंय. व्हिडिओच्याच नावाची एसआरटी (सबटायटलचा मजकूर असलेली) फाइल शेजारी ठेवा, दोन्ही सर्व्हर ती उचलतात. घरच्या रेकॉर्डिंगला तेवढं पुरे.

अजून एक विनंती. मूळ व्हीएचएस कॅसेट अजून असतील तर टाकू नका. खाडीजवळच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते, म्हणून त्या उभ्या ठेवा, भिंतीला न चिकटवता, डब्यात सिलिकाची पुडी टाकून. आणि यादी निघाली की तिच्यात आणखी एक रकाना जोडा: ‘ओळख पटली नाही’. मग रविवारी सकाळी वडिलांना शेजारी बसवा, एकेक व्हिडिओ लावा, ते बोलतील ते तुम्ही टाइप करा. आधी फक्त वीस व्हिडिओ घ्या आणि टीव्हीवर नीट दिसतात का ते पाहा, मग उरलेले.

‘डिक्ट’ फाइल सापडली तर ती पायथनमध्ये थेट उघडू नका. ती ‘पिकल’ प्रकारची (पायथनमध्ये डेटा साठवण्याची पद्धत) असते आणि उघडताना आतला कोड चालू शकतो. आधी तिची प्रत काढा आणि फाइलचा आकार, तारीख इथे लिहा. आत काय आहे ते न चालवता कसं वाचायचं, ते मी पायरीपायरीने सांगेन.